बूड वाचायला शिका: जुनी अमेरिकी मातीची भांडी जमवणाऱ्यांसाठी

ओहायोची माती (धागाकर्ता)

रुकवुडची फुलदाणी हाती आली की आधी ती उलटी करायची. फुलं, रंग, घाट हे सगळं नंतर.

सिनसिनाटीच्या या कारखान्याने १८८६ साली एकमेकांना पाठ लावून उभ्या असलेल्या आर आणि पी या अक्षरांची मुद्रा घेतली. १८८७ मध्ये तिच्यावर एक ज्वाळा आली आणि मग दर वर्षी एकेक वाढत गेली. १९०० साली १४ ज्वाळा झाल्या. १९०१ पासून त्या १४ तशाच ठेवून खाली रोमन आकडा येऊ लागला. म्हणजे ११ ज्वाळा मोजल्या तर साल १८९७, आणि १४ ज्वाळांखाली रोमन २६ असेल तर १९२६. मुद्रेखाली घाटाचा क्रमांक असतो. त्याला चिकटून ए ते एफ यांपैकी एखादं अक्षर असतं, ते माप सांगतं. त्या घाटातलं ए सगळ्यात मोठं. हाताने रंगवलेल्या नगावर चित्रकाराची आद्याक्षरं कोरलेली असतात. कातारो शिरायामादानी हे जपानी चित्रकार १८८७ मध्ये तिथे रुजू झाले, त्यांची सही जपानी लिपीत उभी असते.

कारखान्यात तयार झालेल्या वस्तूवर साल, माप आणि रंगवणारा हात ही तिन्ही एका जागी सापडतात, आणि त्यासाठी फक्त भांडं पालथं करावं लागतं. मला या छंदाची खरी ओढ इथेच वाटते. दुसरी ओढ म्हणजे पसारा. न्यू ऑर्लीन्सच्या न्यूकम महिला महाविद्यालयात १८९५ पासून सुरू झालेलं काम, बॉस्टनच्या ग्रुबीचं काकडीच्या सालीसारखं हिरवं, बिनचमकीचं (मॅट) ग्लेझ (भाजून चढवलेला काचेसारखा थर), कोलोराडो स्प्रिंग्जमधलं व्हॅन ब्रिगल, ओहायोतले रोझव्हिल आणि वेलर, वेस्ट व्हर्जिनियाचं फिएस्टा (एकरंगी ताटल्या-कप), मिनेसोटाच्या रेड विंगच्या जाड बरण्या. प्रत्येक ठिकाणची माती वेगळी, भट्टी वेगळी, आणि बूड वाचायची रीतही वेगळी.

या धाग्यात खुणा, माती, ग्लेझ, नकला, डागडुजी आणि सफाई यांवर लिहू या. किमती नकोत, त्या लिलावागणिक बदलतात.

अनघड

छान विषय. एक शंका. रुकवुडच्या बुडावर मुद्रेशेजारी ग्लेझ कापत गेलेली फुली दिसते. विक्रेते तिला 'कारखान्याची खूण' म्हणून सोडून देतात. ती नेमकी काय?

ओहायोची माती

कारखान्याचीच खूण आहे, पण सोडून देण्यासारखी नाही. माल दुय्यम ठरला की चाकावर घासून ही फुली पाडत. हात फिरवला तर खाच लागते, कारण ती भट्टीनंतर कापलेली असते. फुली दिसली की दोष शोधायचा: ग्लेझमधला बुडबुडा, न चढलेला ठिपका, ओघळ, किंचित कललेलं तोंड. दोष मागच्या बाजूला आणि बारीक असेल तर फुलीवाला नग बेलाशक घ्यावा. दोष सापडतच नसेल तर जास्त सावध व्हा. कुणीतरी तो रंगाखाली झाकलेला असण्याची शक्यता असते.

झिलईकाम

रुकवुडबद्दल आणखी एक. सुरुवातीच्या तपकिरी 'स्टँडर्ड' ग्लेझवरून पुष्कळ गोंधळ होतो, कारण वेलरचं 'लुवेल्सा' आणि रोझव्हिलचं 'रोझेन' पहिल्या नजरेत अगदी तसंच दिसतं. तिघांतही गडद तपकिरीतून पिवळ्या-केशरीकडे जाणारी पार्श्वभूमी, वर रंगीत पातळ मातीने काढलेली फुलं आणि त्यावर चकचकीत पारदर्शक थर असतो. पार्श्वभूमीची ती सलग छटा ब्रशने येत नाही. पातळ माती फवारून ती साधायची पद्धत रुकवुडमध्ये लॉरा फ्राय यांनी आणली आणि १८८९ मध्ये तिचं पेटंट घेतलं. नावांतच वंशावळ आहे. लुवेल्सा म्हणजे वेलर यांची मुलगी लुईस, मग वेलर, मग त्यांची आद्याक्षरं एस आणि ए. रोझेन म्हणजे रोझव्हिल आणि झेन्सव्हिल.

फरक पाहायचा तो पानांच्या कडांवर. चांगल्या रुकवुडमध्ये पान पार्श्वभूमीत विरत जातं आणि मातीचा उठाव बोटाला जेमतेम लागतो. घाईच्या मालात कड ठसठशीत असते, देठ एका जाडीचे असतात. वेलर, रोझव्हिलमध्येही उत्तम हात होते, त्यामुळे नावावर न जाता नगावर जावं.

बशी-वाटी

मला रंगवलेल्यापेक्षा साच्यातला माल आवडतो. रोझव्हिलचे पाईन कोन, सनफ्लॉवर, ब्लॅकबेरी, फ्युचुरा हे नमुने. पण नकली इतकं झालंय की हात घालायला भीती वाटते. 'यूएसए लिहिलेलं नसेल तर नकली' हा नियम पुरेसा आहे का?

ओहायोची माती

नाही. या नियमाने लोक खरा माल सोडतात आणि खोटा घेतात.

रोझव्हिलच्या शेवटच्या वर्षांतल्या मालावर, म्हणजे साधारण १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून १९५४ मध्ये कारखाना बंद होईपर्यंत, साच्यातूनच उठून आलेली खूण असते: वर रोझव्हिल, मग यूएसए, मग घाटाचा क्रमांक आणि त्यापुढे इंचांत माप. मॅग्नोलिया, फ्रीजिया, झेफर लिली, बुशबेरी हे सगळे या गटातले. इथे यूएसए गायब असेल तर शंका घ्यायलाच हवी. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून चीनमधून आलेल्या नकलांवर सुरुवातीला फक्त रोझव्हिल असे. नंतरच्या काही नकलांवर पुसट यूएसएही दिसतं, म्हणजे तो असला तरी निश्चिंत होता येत नाही.

त्याआधीच्या मालाचं वेगळं आहे. सनफ्लॉवर, ब्लॅकबेरी, फ्युचुरा यांवर बहुधा कागदी किंवा चांदीसारख्या वर्खाचं लेबल असे. ते निघून गेलं की बूड कोरं. कधी पेन्सिलीने किंवा लाल खडूने लिहिलेला घाटाचा क्रमांक तेवढा उरतो. अशा नमुन्यावर साच्यातून उठलेलं ठळक रोझव्हिल दिसलं तर तेच खोटेपणाचं लक्षण. पाईन कोनच्या सुरुवातीच्या काही नगांवर दाबून उमटवलेलं रोझव्हिल असतं आणि यूएसए नसतं, तरी तो माल खरा असतो.

थोडक्यात, आधी नमुना ओळखा, मग त्या नमुन्यावर कोणती खूण असायला हवी ते पाहा.

चाकावरची

याला मोजपट्टीची जोड द्या. खऱ्या भांड्यावरून प्लास्टरचा साचा काढून नक्कल ओतली की ती मुळापेक्षा लहान होणारच. ओतकामाची माती वाळताना आणि भाजताना मिळून साधारण ५ ते १२ टक्के आकसते. १० इंची फुलदाणीची नक्कल ८.८ ते ९.५ इंच भरते. बुडावर १० लिहिलंय आणि पट्टी ९ दाखवते, तर विषय संपला. नुसत्या उंचीवर थांबू नका. तोंडाचा व्यास, बुडाचा व्यास आणि दोन कानांमधलं अंतरही मोजा. खऱ्या मालात पाव इंचाचा फरक चालतो, हाताने पुसलेल्या कडेमुळे आणि भट्टीतल्या जागेमुळे तेवढं होतं. चारही मापं सारख्याच टक्क्याने कमी भरली तर ते साच्यावरून काढलेलं मूल आहे.

ओहायोच्याच मॅककॉय कारखान्याच्या कुकीजारांना, म्हणजे बिस्किटं ठेवायच्या बरण्यांना, हाच नियम लागतो. तिथे आणखी एक खोड आहे: मॅककॉयने कधीच न बनवलेल्या घाटांवर मॅककॉयची मुद्रा. तिथे तुलनेला मूळ नगच नाही, म्हणून पट्टी काही सांगत नाही. घाटांची यादी पाठ असावी लागते.

आणि साच्यातून साचा काढला की तपशील बोथट होतो. पाईन कोनच्या सुया एकमेकींपासून सुट्या दिसल्या पाहिजेत. पानाच्या शिरा नखाला लागल्या पाहिजेत. रंग उठावाच्या कडेवर थांबलेला असावा, पलीकडे सांडलेला नसावा. कानाचा सांधा आतून पुसलेला असावा.

बशी-वाटी

चारही मापं घ्यायची ही युक्ती सोन्यासारखी आहे. कुकीजारांवरचा रंग धुताना निघतो असं वाचलं. म्हणजे तो नकली का?

चाकावरची

नाही, तो 'कोल्ड पेंट'. भाजलेल्या ग्लेझवर नंतर साधा रंग लावत आणि पुन्हा भट्टीत घालत नसत. मॅककॉय आणि हल (हाही ओहायोतला कारखाना) यांच्या जारांवर लाल गाल, काळे डोळे, झाकणावरची फळं अशी रंगवलेली असतात. कोमट पाणी आणि साबण लागला तरी पापुद्रा सुटतो. म्हणून अशा जाराला फक्त कोरडा मऊ ब्रश. रंग झिजलेला असेल तर तो तसाच ठेवा. नवा रंग लावलेला जार जाणकाराला लगेच कळतो आणि त्याचं मोल घटतं. अमेरिकी चित्रकार अँडी वॉरहॉल यांचे कुकीजार १९८८ मध्ये लिलावात सुमारे अडीच लाख डॉलरला गेले, तेव्हापासून या साध्या स्वयंपाकघरी वस्तूंकडे लोक वेगळ्या नजरेने पाहू लागले. नकलांचा सुळसुळाटही त्याच ओघात झाला.

न्यूजर्सीकर

इथल्या जुन्या बाजारात फिएस्टा ढिगाने दिसतं. जुनं आणि १९८६ मध्ये पुन्हा सुरू झाल्यानंतरचं एकाच टेबलावर, एकाच भावाने. ओळखायचं कसं?

झिलईकाम

ताटली उलटी करा. जुन्या ताटलीचं बूड पूर्ण ग्लेझ केलेलं असतं आणि त्यावर तीन बारीक टोचे दिसतात. भट्टीत ती तीन खिळ्यांच्या टेकूवर ठेवत, त्याच्या त्या खुणा. १९८६ नंतरच्या ताटलीच्या बुडाचं कडं पुसून कोरडं ठेवलेलं असतं, हात फिरवला तर खरखरीत लागतं. नवी माती पूर्ण काचेसारखी पक्की भाजलेली आणि ग्लेझ शिसेमुक्त, त्यामुळे नख मारलं तर आवाज जास्त खणखणीत येतो. जुन्या कपांवर पुष्कळदा कोणतीच खूण नसते. कोरं बूड पाहून कप परत ठेवू नका.

मग रंग. होमर लाफलिन कंपनीने वेस्ट व्हर्जिनियातल्या न्यूवेलमध्ये १९३६ साली फ्रेडरिक हर्टन ऱ्हीड यांचं हे डिझाइन पाच रंगांत आणलं: लाल, गडद निळा, फिका हिरवा, पिवळा, हस्तिदंती. टर्क्वाइज थोड्याच काळात सामील झाला. १९५० च्या दशकात गुलाबी, राखाडी, शार्त्रूझ (पिवळसर पोपटी) आणि गडद हिरवा आले. १९५९ ते १९६९ मधला 'मीडियम ग्रीन' सगळ्यात दुर्मीळ, कारण तोवर विक्री ओसरली होती आणि माल कमी निघाला. हिरवे तीन आहेत हे लक्षात ठेवा. फिका हिरवा पुदिन्याकडे झुकतो, गडद हिरवा बाटलीच्या काचेसारखा, मीडियम ग्रीन ताज्या मटारासारखा. शेजारी ठेवल्याशिवाय ठरवू नका, आणि दुकानाच्या पिवळ्या दिव्याखाली तर नकोच.

अनघड

लाल फिएस्टा किरणोत्सर्गी असतं म्हणतात, ते खरं का?

झिलईकाम

खरं आहे. तो नारिंगी लाल युरेनियम ऑक्साइडमुळे येतो. दुसऱ्या महायुद्धात सरकारने युरेनियम ताब्यात घेतल्यावर १९४० च्या दशकाच्या पहिल्या अर्धात लाल बंद पडला. १९५९ मध्ये परत आला तो क्षीण युरेनियम वापरून. किरणोत्सर्ग मोजणारा गायगर काउंटर दोन्हींवर टिकटिकतो. हस्तिदंती ग्लेझमध्येही थोडं युरेनियम आहे. कपाटात ठेवायला हरकत नाही, जेवायला नको.

आपल्या घरांसाठी मुद्दाम सांगतो. चिंचेचा कोळ, आमसूल, दही, लोणचं, लिंबू यांपैकी काहीही या ताटल्यांत ठेवू नका. आंबटाने ग्लेझमधलं युरेनियम उतरतं. हे फक्त लालपुरतं नाही. त्या काळच्या बहुतेक रंगीत ग्लेझमध्ये शिसं आहे आणि आंबटाने तेही उतरतं. क्रेझिंग, म्हणजे ग्लेझमधल्या बारीक तड्यांचं जाळं, असेल तर आणखी वाईट, कारण आंबट रस तड्यांतून मातीत जाऊन बसतो. मायक्रोवेव्हही नको.

न्यूजर्सीकर

मग रेड विंगच्या बरण्यांत लोणचं घालता येईल का? दिसायला अगदी आपल्या चिनी मातीच्या बरणीसारख्या.

चाकावरची

ती वेगळी जात. स्टोनवेअर उंच तापमानाला भाजतात आणि माती स्वतःच पाणी धरत नाही. जुन्या बरण्यांवर मिठाचं ग्लेझ असतं. भट्टी ऐन तापात असताना आत मीठ फेकतात, त्यातला सोडियम मातीतल्या सिलिकाशी मिळून काचेचा थर बनवतो. पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा दाणेदार लागतो. नंतर पांढरं, जस्तयुक्त ब्रिस्टल ग्लेझ आलं. या दोन्हींत शिशाची गरज नसते, त्यामुळे धोका पुष्कळ कमी. तरीही आतून टवका उडालेली किंवा तडा गेलेली बरणी खाण्यासाठी नको. तड्यात जे मुरलंय ते निघत नाही. बाहेरून आकड्यात क्षमता लिहिलेली असते, ती अमेरिकी गॅलनमध्ये. एक गॅलन म्हणजे सुमारे ३.८ लिटर. ५ गॅलनची रिकामी बरणीसुद्धा एका हाताने उचलू नका, आणि कानाला धरून तर कधीच नाही.

अनघड

प्रत्येक ठिकाणची माती वेगळी असं धागाकर्त्यांनी म्हटलं. मग मातीवरून काळही ओळखता येतो का? उदाहरण द्याल का?

ओहायोची माती

सगळ्यात सोपं ओक्लाहोमाचं फ्रँकोमा. जॉन फ्रँक यांनी १९३३ मध्ये सुरू केलं. सुरुवातीला एडा गावाजवळची माती, भाजल्यावर फिकी, सायीसारखी. १९५४ च्या सुमारास सापुल्पाची माती घेतली, ती भाजून विटेसारखी लाल होते. बुडाच्या पुसलेल्या कडेवर किंवा टवका उडालेल्या जागी पाहा. फिकी दिसली तर जुना माल. ग्लेझही त्यामुळे बदललं: तोच 'प्रेअरी ग्रीन' लाल मातीवर जास्त तपकिरी दिसतो.

हलचं उत्तर ग्लेझमध्ये आहे. ओहायोतल्या क्रुक्सव्हिलचा त्यांचा कारखाना जून १९५० मध्ये पूर आणि आगीत गेला. आधीचा माल मॅट, फिक्या गुलाबी-निळ्या छटांचा. उभारणीनंतर ती मॅट झिलई पहिल्यासारखी जमली नाही आणि चकचकीत माल वाढला.

बशी-वाटी

आता डागडुजीबद्दल लिहा ना. फोटोवरून काही कळत नाही.

चाकावरची

फोटोवरून निम्मंच कळतं, म्हणून हातात घेतल्यावर या क्रमाने जा.

पहिली नजर उजेडाकडे. भांडं खिडकीशी तिरकं धरून सावकाश फिरवा. ग्लेझची चमक एका जागी मेणचट झाली, किंवा क्रेझिंगचं जाळं मध्येच थांबून पलीकडे पुन्हा सुरू झालं, तर तिथे रंग आहे. मग बोट, विशेषतः तोंडाच्या कडेवरून आणि कानाच्या सांध्यांवरून. ग्लेझ थंड लागतं, राळेचा थर कोमट आणि किंचित चिकट. गालाला लावून पाहिलं तर फरक आणखी कळतो. मग नखाने टिचकी. मातीचं भांडं चिनी कपासारखं वाजणार नाही, पण अख्खं असेल तर आवाजाला शेपूट असते. तडा असेल तर तो लगेच मरतो. खूप क्रेझिंग असलेलं अख्खं भांडंही बसका आवाज देतं, म्हणून एकट्या आवाजावर निकाल देऊ नका.

यानंतर अंधारात ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च. जुनी राळ, गोंद आणि बरेच रंग पिवळसर किंवा दुधी चमकतात. आजचे कारागीर न चमकणारा माल वापरतात, म्हणून काही चमकलं नाही म्हणजे शुद्ध, असं नाही. शेवटी सुई, तीही विक्रेत्याची परवानगी घेऊनच. पोलादी सुई वजन न देता ओढली तर ग्लेझवरून घसरते आणि रंगात अडकते.

फुलदाणीचा दिवा करताना तारेसाठी पाडलेल्या भोकाचं वेगळं पाहायचं. कारखान्याने पाडलेल्या भोकाच्या कडेवर आणि आत ग्लेझ उतरलेलं असतं. नंतर ड्रिलने पाडलेल्याच्या कडा खरबरीत असतात, कोरी माती दिसते. दुसऱ्या प्रकारात मोल बरंच उतरतं.

झिलईकाम

यात मिसिसिपीच्या जॉर्ज ओर यांच्याबद्दल एक इशारा जोडतो. बिलॉक्सीच्या या कुंभाराने कागदासारख्या पातळ भिंतींची भांडी चाकावर काढून ती मुडपली, पिळली, चेपली. हजारो नग कुटुंबाने सांभाळून ठेवले आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते बाजारात आले. त्यांत ग्लेझ न दिलेले, नुसते भाजलेले पुष्कळ होते. त्यांतल्या काहींवर नंतर दुसऱ्यांनी ग्लेझ चढवलं. आकार खरा, सही खरी, पृष्ठभाग खोटा. कोरलेल्या सहीच्या अक्षरांत नवं ग्लेझ साचून ती भरून आली असेल, रंग सगळीकडे एकसारखा आणि भडक असेल, बुडाला झिजेची खूण नसेल, तर थांबा. कोऱ्या भाजलेल्या नगांना मी तरी कमी मानत नाही. ओर यांच्या बोटांचं काम तिथेच सगळ्यात स्पष्ट दिसतं.

अनघड

क्रेझिंगमध्ये बसलेले तपकिरी डाग काढता येतात का? घरचं ब्लीच चालेल?

चाकावरची

ब्लीच अजिबात नको. त्यातले क्षार तड्यांतून मातीत उतरतात, वाळताना त्यांचे स्फटिक फुगतात आणि काही महिन्यांनी ग्लेझचे पापुद्रे उडवतात. तोवर ब्लीचचा संबंध कुणाच्या लक्षातही येत नाही.

हायड्रोजन पेरॉक्साइड वापरा, १२ टक्के. केसांच्या रंगाच्या सामानात '४० व्हॉल्यूम' नावाने मिळतं, मात्र पातळ द्रव घ्या, मलम नको. आधी भांडं २४ तास डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवा. कोरडी माती डाग आत ओढते, भिजलेली ओढत नाही. मग काचेच्या किंवा प्लास्टिकच्या डब्यात पेरॉक्साइडमध्ये दोन-तीन दिवस. झाकण सैल ठेवा, ऑक्सिजन सुटतो आणि घट्ट डबा फुटू शकतो. हातमोजे घाला, त्वचा पांढरी पडून भाजते. डाग उरला तर द्रव बदलून पुन्हा. शेवटी डिस्टिल्ड पाण्यात दोनदा बुडवा आणि सावलीत किमान आठवडाभर वाळवा. ओव्हन किंवा ऊन नको, अडकलेली वाफ ग्लेझ उचलते. सोनेरी वर्ख, कोल्ड पेंट किंवा जुनी डागडुजी असलेल्या नगाला हे काहीच करू नका. आतला पाण्याचा पांढरा थर काढायला लोक व्हिनेगर ओततात, ते मॅट ग्लेझला खातं. तो थर राहू द्या.

न्यूजर्सीकर

काही नग मुंबई आणि रत्नागिरीला पाठवायचे आहेत. पावसाळ्यात काही बिघडतं का?

ओहायोची माती

कमी तापमानाला भाजलेली माती दमटपणा शोषून हळूहळू फुगते, ग्लेझ तेवढं ताणत नाही आणि क्रेझिंग उमटतं. रुकवुडच्या व्हेलम या मऊ, अर्धमॅट ग्लेझवर बहुधा आधीच जाळं असतं, क्रेझिंग नसलेला व्हेलम दुर्मीळ आणि म्हणून जपायचा. बंद लाकडी कपाटापेक्षा हवा खेळणारी फळी बरी. भिंत ओलावा धरत असेल तर भांडं तिच्यापासून चार बोटं पुढे. फुलं ठेवायचीच असतील तर आत काचेचा पेला ठेवा, पाणी थेट मातीत नको.

पाठवताना दोन खोके. झाकण वेगळं गुंडाळा, जागेवर ठेवून पाठवलं तर कडा घासून टवके उडतात. फुलदाणीच्या पोटात मऊ कागद सैलसर भरा, ठासून नाही. आधी कोरा कागद, मग बबल रॅप, त्याचे फुगे बाहेरच्या बाजूला. ते मॅट ग्लेझला टेकून उन्हात तापले तर गोल डाग सोडतात. वर्तमानपत्र थेट लावू नका, कोऱ्या बुडाला शाई लागते. आतलं खोकं आणि बाहेरचं खोकं यांत सहाही बाजूंनी किमान ५ सेंटीमीटर भरण. खोकं हलवून पाहा, आत काही सरकलं तर पुन्हा उघडा. आणि बंद करण्याआधी बुडाचा, चारही मापांचा आणि प्रत्येक टवक्याचा फोटो काढून ठेवा. वाटेत काही झालं तर जुनं नुकसान कोणतं आणि नवं कोणतं, हे त्याशिवाय सांगता येत नाही.